खुल्या यादीतला दुसरा नंबर

“तुमच्यासाठी वेगळी जागा आहे ना? मग इथे कशाला गर्दी करताय?”

सर हे हसत म्हणाले. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स उघडा होता. समोरच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते, खुर्चीमागं त्यांचा मुलगा उभा होता. मी दारापाशी. मला कुणी बस म्हटलं नाही.

माझ्या प्रकल्पाचे प्रमुख असलेले हेच सर दोन वर्षं मला अगं-तुगं करत आले होते. “अगं, फुगा भरलास का?” “अगं, सिल्लोडचं मशीन बंद पडलंय, जाऊन ये.” त्या दिवशी पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणाले. आधी वाटलं, पीएच.डी.ला निवड झाली म्हणून मान देताहेत. मग डोक्यात उजेड पडला. त्या ‘तुम्ही’त मी एकटी नव्हते. आम्ही सगळे होतो.

झालं होतं ते असं. आमच्या शहरातल्या हवामान संशोधन केंद्रात पीएच.डी.च्या तीन जागा निघाल्या. फेलोशिपसकट. दोन खुल्या, एक अनुसूचित जातीसाठी राखीव. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, यादी फळ्यावर लागली. पहिला पुण्याचा एक मुलगा. दुसरी मी. तिसरा हा, खुर्चीमागं उभा असलेला. पहिले दोघं खुल्या जागांवर, म्हणजे मी खुल्या जागेवर. तिसऱ्याला जागा उरत नव्हती.

ती माझ्याकडून काढायची होती.

“तू अर्जात जात लिहिलीस ना?” सर परत ‘तू’वर आले. “मग राखीव जागा घे की. तुझं काम झालंच आहे, ह्याचंही होऊन जाईल. कुणाचंच नुकसान नाही. फक्त तेवढी संमती लिहून दे.”

आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्याकडं सरकवला. गृहस्थ म्हणाले, “घ्या ना, लाजू नका.” मी एक पेढा उचलला. खाल्ला नाही, ठेवलाही नाही. तसाच हातात धरून उभी राहिले. खरं सांगते, ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. मला ही पीएच.डी. हवीच होती.

मी फर्दापूरकडची. लेणी बघायला जगभरातून माणसं येतात आणि आमच्या वस्तीकडं न बघता फाट्यावरून वळतात. बाप तिथं पार्किंगवर पहारेकरी. आई अंगणवाडीत मदतनीस, सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या रानात मजुरीला. मी सातवीत असताना आई गहू सोंगायला गेली होती आणि गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या. आई घरी आली ती डोकं फुटून, पदर रक्तानं भिजलेला. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, गारपिटीची शक्यता. ते वाचून बाप इतका हसला की त्याला ठसका लागला. मला काही हसू आलं नाही. गार ढगात वाढते कशी, ती आमच्यावर पडणार हे आधी का कळत नाही, हा प्रश्न तेव्हा डोक्यात बसला. तो अजून उठलेला नाही.

म्हणून एम.एस्सी. केलं. म्हणून ह्या केंद्रात कंत्राटी प्रकल्प सहायक म्हणून लागले. पहाटे हवामानाचा फुगा सोडायचा, दिवसभर तालुक्या-तालुक्यात फिरून तहसीलच्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकांतून कबुतरांची पिसं काढायची. एसीत बसून संगणकावर ढग तयार करणारी पोरं मला ‘फिल्डवाली’ म्हणायची. रडारची चित्रं मागितली की म्हणायची, “तुला कशाला? तू फिल्ड बघ.” त्यातली चार-पाच पोरं ह्या परीक्षेला बसली होती. यादी लागल्यापासून त्यांनी मला हाक मारणंच सोडलं.

मी सरांना म्हटलं, “विचार करून सांगते,” आणि बाहेर आले.

कँटीनमध्ये वैशाली बसली होती. वैजापूरची पोरगी. तिची आई मार्केट यार्डात कांदा निवडते. यादीत वैशालीचा नंबर बराच खाली होता, पण आमच्यातली माझ्यानंतर तीच. मला बघून उठलीच.

“ताई, तुझा नंबर खुल्यात लागला. म्हंजी राखीव जागा माझी, व्हय ना?”

मी पेढ्याची मूठ पाठीमागं नेली.

“लई भ्या वाटतंय गं. आत कुणी काय म्हणलं का?”

माझ्या मुठीत पेढा चेंगरला होता. कुणाचंच नुकसान नाही, असं सर म्हणाले होते. म्हणजे त्यांच्या हिशोबात वैशाली कुणीच नव्हती. आमच्या एका पोरीच्या हातानं दुसरीला बाहेर काढायचं, त्यांचा माणूस आत घ्यायचा, आणि वर मी पेढा खाऊन त्यांचे आभार मानायचे. इतकी सफाई! माझ्या अंगाची आग आग झाली.

घरी फोन लावला. वाटलं, आई तरी पाठीशी उभी राहील. आई म्हणाली, “घे बाई, पदरात पाडून घे. मोठ्या लोकायशी नगं लई भांडू.”

“आणि वैशालीचं काय?”

“ती कोण आपली?”

“आई, तीच तर आपली.”

आई म्हणाली, “लई शहाणी झाली तू.” आणि फोन ठेवला.

मी परत केबिनमध्ये गेले. या वेळी दार वाजवलं नाही. गृहस्थ तिथंच होते, मुलगाही.

“सर, मी संमती देणार नाही. खुली जागा माझी आहे. राखीव जागेवर वैशाली येईल.”

सरांचं हसू गेलं. “कळतंय का काय बोलतेस? गाईड कोण मिळणार आहे तुला?”

“ते मी बघीन.”

सर त्या गृहस्थांकडं वळले. मी जणू तिथं नव्हतेच. “ह्यांना कितीही द्या हो. ह्यांचं समाधान म्हणून नाही.”

“तुम्ही काही दिलेलं नाही, सर. पेपर मी लिहिलाय.”

चेंगरलेला पेढा टेबलाच्या काचेवर ठेवला आणि निघाले. तो मुलगा शेवटपर्यंत मोबाईलमध्ये बघत होता. त्याला कधी काही मागावंच लागलं नसणार. त्याच्यासाठी मागणारे खुर्चीत बसलेले होते.

यादी फळ्यावर लागून गेली होती, चार लोकांनी तिचे फोटो काढले होते. त्यामुळं प्रवेश त्यांना द्यावाच लागला. मला खुल्या जागेवर, वैशालीला राखीव. तिसऱ्याचं काही अडलं नाही. महिन्याभरात तो प्रकल्पावर लागला, एसीत बसला.

गाईड मात्र मला मिळाला नाही. केंद्रात गाईड पाच. एक म्हणाले, माझ्याकडच्या जागा भरल्या. दुसरे म्हणाले, गारा हा काही माझा विषय नाही. तिसऱ्यांनी तर मला बसवून चहा पाजला आणि म्हणाले, “तू हुशार आहेस, पण मला इथेच नोकरी करायचीय.” चौथे भेटलेच नाहीत. पाचवे सर. नियम असा की वर्षात गाईड मिळाला नाही तर प्रवेश रद्द.

वैशालीला गाईड मिळाला. सरच. ती माझ्याबरोबर जेवायची बंद झाली. एका शनिवारी स्टँडवर गाठ पडली. नुकत्याच आलेल्या गाडीच्या पाटीवर शहराचं नवं नाव, कंडक्टर मात्र औरंगाबादच ओरडत उतारू उतरवत होता. ती खाली बघत म्हणाली, “ताई, राग नको धरू. सर म्हणले, तिच्यासंग दिसली तर बघ.”

राग आला. फार आला. गाडीत खिडकीकडं तोंड करून सिल्लोडपर्यंत रडले. हिच्यासाठी मी सगळं अंगावर घेतलं आणि हिनं पाठ फिरवली! सिल्लोड गेल्यावर डोकं जरा थंड झालं. ती जागा तिच्या हक्काची होती. मी तिला दान दिलेलं नव्हतं. मग आता उपकाराची परतफेड मागायला निघाले, तर सरांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

परवा सरांनी बोलावलं. आवाजावर साय धरलेली.

“झालं गेलं सोडून दे. गारांवरच काम देतो तुला. रडारचा सगळा डेटा देतो. फक्त माफीचं चार ओळींचं पत्र लिहून दे.”

“माफी कशाची, सर?”

“उद्धटपणाची.”

रडारचा सगळा डेटा. सातवीपासून जे हवं होतं ते समोर ठेवलं होतं. तरी म्हणाले, “नाही देणार.”

“मग मी तुला घेऊ शकत नाही.”

“हे लेखी द्या.”

सर हसले. मग हसायचे थांबले. “लेखी काय द्यायचं त्यात?”

तिथंच मला सगळा खेळ दिसला. संमती माझ्याकडून लेखी हवी होती. माफी लेखी हवी आहे. त्यांचा नकार मात्र तोंडी. चहा पाजून, हसून, खांद्यावर हात ठेवून दिलेला. उद्या माझा प्रवेश रद्द झाला की सगळे म्हणतील, आम्ही कुठं नाही म्हटलं होतं? तिलाच झेपलं नाही.

तर आता ऐका. सोमवारपासून मी पाचही दारं पुन्हा वाजवणार आहे. विनवण्या संपल्या. घेता तर घ्या. घ्यायचं नसेल तर का घेत नाही ते कागदावर लिहा आणि खाली सही करा. तो कागद घेऊन मी अनुसूचित जाती आयोगाकडं जाईन, कोर्टात जाईन. सही केली नाहीत, तर दुसऱ्या दिवशी परत येईन, त्याच दारात, सगळ्यांच्या देखत.

गारांवरचं काम मी करणार आहे. ह्याच केंद्रात. माफी न मागता.