रुखवतातले मधले चार चौकोन

मेव्हणीच्या रुखवतातला टेबलक्लॉथ मी बिघडवला. क्रोशाचं विणायला बसण्याआधी लहानसा नमुना करून माप घ्यायचं असतं, ते मी घेतलं नाही.

माहीत नव्हतं म्हणून नाही. माझ्या साडूनं सांगितलं होतं, म्हणून घेतलं नाही.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. देऊळगाव राजा ते जालना या गाडीवर कंडक्टर. गाडी सुटायला वेळ असला की खाकी बुशकोटाच्या खिशातून क्रोशाची सुई काढायचा आणि विणत बसायचा. आधी लोक हसले, मग बायका त्याला नक्षी विचारायला लागल्या. सोनाळ्याला आमच्या सासूबाईंच्या घरी रेडिओवर साडूचं विणकाम, उशीवर साडूचं, पाण्याच्या माठावरही साडूचंच. मी लोणारला दोरे, सुया, बटणं विकायचो. म्हणजे दोऱ्याचा गुंडा माझ्या दुकानातून जायचा आणि कौतुक व्हायचं त्याचं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला माठ दाखवायच्या, आणि मी ते पाणी पिऊन बसायचो.

धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं. रुखवतात टेबलक्लॉथ मांडायचा होता. घरातल्या प्रत्येकानं चौकोन विणायचे, मग सगळे जोडायचे, असं सासूबाईंनी ठरवलं. मधले चार मात्र साडूचे, कारण रुखवत पाहायला आलेल्या बायांची नजर आधी मध्येच पडते.

“मधले चार मी विणतो,” मी म्हणालो.

बायको चहा गाळता गाळता थांबली. “तुम्ही? तुमाले शर्टाचं बटन लावता येत नाही.”

“विकता तर येतं!”

“विणू दे वं जवायाले,” सासूबाई म्हणाल्या. “हौस हाय त विणू दे.”

साडू चिडेल, निदान तोंड तरी वाकडं करेल अशी माझी आशा होती. तो सरकून शेजारी येऊन बसला आणि शिकवायलाच लागला. असा चांगला माणूस शत्रू म्हणून अगदी निरुपयोगी.

आधी फास टाकून साखळी घालायची. मग मुका खांब: सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवरचे दोन्ही फास एकदम सोडवायचे. उभा खांब हवा असेल तर सुईवर आधी एक वेढा घ्यायचा. मग दोरा ओढला की तीन फास होतात, ते दोन-दोन करून सोडवायचे. एवढंच. गुंडे विकणाऱ्याला हे जन्मतःच येतं अशा थाटात मी मान हलवत होतो.

“आता नमुना विणा, साडूभाऊ,” त्यानं खिशातली काडेपेटी काढून माझ्यापुढे ठेवली. “हिच्या लांबीत बारा खांब बसले पाह्यजेत. जास्त बसले त हात घट्ट हाय समजा, जाड सुई घ्या. कमी बसले त बारीक घ्या. सगळ्यायचे चौकोन एका मापाचे नसले त कापड बसत नाही.”

दुकानात आलो तेव्हा नमुना विणणं म्हणजे त्याच्याकडे शिकवणी लावणं, असं मला वाटलं. थेट चौकोनच घेतला. खांब मात्र चोख मोजले. गिऱ्हाईक ताटकळायचं, मी मोजायचो. संध्याकाळी बायको सहज म्हणायची, “थोरल्या भाऊजींनी कडेची नाजूक नक्षी शोधून काढली म्हणे,” की माझा दोरा आपोआप कचकन ओढला जायचा. पुढे पुढे सुई फासात शिरेना. मला वाटलं, कापड मजबूत होतंय.

लग्नाच्या आधल्या आठवड्यात सोनाळ्याला सगळे चौकोन जोडले आणि टेबलावर टाकले. मध्यभाग आवळलेल्या बटव्यासारखा आणि भोवतीचं कापड चुण्या पडून वर उठलेलं. मेव्हणीनं वरून हात फिरवला, दाबला, पुन्हा दाबला. ते पुन्हा उठलं. तिचे डोळे भरून आले.

“माझे खांब मोजा!” मी म्हणालो. “एक कमी निघाला तर सांगा!”

मोजले. एकही कमी नव्हता. मी विजयानं साडूकडे पाहिलं. त्यानं माझ्या चौकोनावर काडेपेटी ठेवली. तिच्या लांबीत बाराऐवजी पंधरा खांब बसले. मग तो मेव्हणीला म्हणाला, “रडतं काय बाई, मेहनत केली हाय त्याईनं. मी मधले पुन्हा विणून देतो.”

त्यानं ते गाडीवर, थांब्याथांब्यावर विणले असणार. लग्नाच्या दिवशी टेबलक्लॉथ ताटासारखा सपाट बसला होता. बाया वाकून वाकून मध्येच पाहत होत्या. “कोनं विणलं वं हे?” आणि सासूबाई मांडवातून साडूला हाक मारून मारून दाखवत होत्या.

मला राहवेना. गर्दी जरा सरली तशी मी सासूबाईंजवळ गेलो. “माझेही चौकोन कुठेतरी कोपऱ्यात मांडायचे होते. खांब तर सगळे बरोबर होते.”

सासूबाईंनी लाडवाचं ताट सरळ केलं आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, “खांब बरोबर होते, जवाईबापू. पण ते तुम्ही माह्या पोरीसाठी नाही विणले. साडूवर दात खाऊन विणले.”