दगडाची खालची बाजू

गेले नऊ दिवस स्वानंदीचा फोन आलेला नाही. फोन येत नाही याची काळजी आहेच, पण तिनं माझं ऐकलं असेल की काय, या विचारानं मला झोप लागत नाही.

स्वानंदी माझी मुलगी. बत्तीस वर्षांची, जन्म, शाळा सगळं इथलंच, अमेरिकेतल्या ट्रॉय गावचं. इथल्या मराठी मंडळातल्या बाकीच्यांची मुलं काय करतात ते एका शब्दात सांगता येतं. माझ्या मुलीचं सांगायला मला दहा मिनिटं लागतात. शंभर वर्षांपूर्वी एका अमेरिकन धनिकानं फ्रान्समधली एक पडकी ॲबी, म्हणजे ख्रिस्ती साधूंचा मठ, विकत घेतली. दगड सुटे करून बोटीनं आणले आणि मग त्याचा उत्साह संपला. ओहायोतल्या एका गावाबाहेर, मक्याच्या शेतांमधल्या एका बार्नमध्ये, म्हणजे धान्याच्या कोठारात, ते साडेसहाशे दगड पडून राहिले. कुठला दगड कुठे बसत होता, कोणी आणि कधी घडवला, हे स्वानंदी चार वर्षं शोधते आहे.

"म्हणजे जिगसॉ पझलच की!" मंडळातली पद्मिनी एकदा म्हणाली. "आणि त्याचा पगार देतात?"

मी हसले. पण घरी येताना गाडीत प्रल्हादशी, माझ्या नवऱ्याशी, उगाच भांडले.

मागच्या हिवाळ्यात मी तिचं काम पाहायला गेले. बार्नमध्ये हीटर नाही. अंगात दोन जॅकेटं, गुडघ्यांना पॅड, आणि ही जमिनीवर आडवी झालेली.

"आई, टॉर्च समोरून नको मारू. साइडने धर, एकदम चिकटवून."

मी तसा धरला. सपाट वाटणाऱ्या दगडावर छिन्नीचे शेकडो तिरपे घाव उठून दिसले.

"हा माणूस लेफ्टी होता," ती म्हणाली. "त्याचे बावन्न दगड सापडलेत मला. आय नो हिम."

आठशे वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटाबद्दल ती शेजारच्या काकांबद्दल बोलावं तशी बोलत होती. मला थंडी वाजायची थांबली.

हे वेड कुठून आलं ते मला माहीत आहे. ती सात वर्षांची असताना आम्ही सांगलीला माझ्या माहेरी गेलो होतो. पाट्याला टाकी लावायला एक बाई आली. तिनं आधी पाटा उलटा केला आणि खालून हात फिरवला. स्वानंदीनं "व्हाय?" विचारलं, मी ते बाईला मराठीत विचारलं.

"खालनं चीर हाय का बघायचं आधी, पोरी," बाई म्हणाली. "मग टाकी."

ट्रॉयला परतल्यावर या मुलीनं घरातली एकूण एक वस्तू उलटी करून पाहिली. माझ्या कुंड्यासुद्धा, मातीसकट.

आणि तीच मुलगी अकरा दगड न उलटता पुढे गेली. मठाच्या कमानदार दरवाज्याचे, अगदी तळाचे, सगळ्यात जड. हा दरवाजा अख्खा मूळचा आहे, असा तिनं लेख लिहिला. त्या लेखानं तिचं नाव झालं. जागेची देखभाल करणाऱ्या ट्रस्टनं दरवाजा पुन्हा उभारायला घेतला. मेमध्ये उद्घाटन आहे आणि त्यानंतर तिची नोकरी पर्मनंट होणार आहे. गेल्या महिन्यात क्रेननं दगड उचलले तेव्हा खालच्या बाजूला मशीनच्या छिन्नीचे घाव दिसले, एकसारखे, ओळीत. फुटलेल्या दगडांच्या जागी ते अकराही इथेच, अमेरिकेत, करून घेतलेले होते.

"मी ट्रस्टला लिहिणार आहे," तिनं फोनवर सांगितलं. "चूक माझी आहे."

"अगं, आणखी कुणाच्या लक्षात आलंय का?"

"नो."

"मग मे होऊ दे. एकदा पर्मनंट झालीस की सांग."

ती म्हणाली, "आई, तू गाड्यांचं सॉफ्टवेअर टेस्ट करतेस. बग सापडला तर गाडी लाँच होऊ देतेस?"

"तिथे माणसं मरतात. इथे कोण मरणार आहे?"

"ओके," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्याला नऊ दिवस झाले.

आज झोप येईना म्हणून तिचा तो जुना लेख उघडला. शेवटी तक्ता आहे: दगडाचा नंबर, माप, पाहिल्याची तारीख. ते अकरा दगड तिनं एकाच दिवशी पाहिले होते. दिवाळीआधीचा शुक्रवार. मला तो शुक्रवार आठवतो, कारण त्या दिवशी मी तिला तीनदा फोन केला होता. मंडळाचा कार्यक्रम आहे, चार तासांचा ड्राइव्ह आहे, बर्फ पडणार आहे, दगड कुठे पळून जातायत का, नीघ आता. ती निघाली. आठच्या आत साडी नेसून हॉलमध्ये हजर होती, आणि मी तिला सगळ्यांना दाखवत फिरले.

हे तिला नक्की आठवत असणार. तरी फोनवर ती एवढंच म्हणाली, चूक माझी आहे.

मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधते आहे. इतक्या सरळपणे स्वतःची चूक सांगताना मी फार थोड्यांना पाहिलंय, आणि त्यातल्या एकीला मी गप्प बस म्हणाले.

तिला फोन लावायला घेतला तेवढ्यात प्रल्हाद जागा झाला. "आत्ता नको, घाबरेल ती," म्हणाला. बरोबर आहे. सकाळी सहाला ती बार्नकडे निघते, गाडीत एकटीच असते. तेव्हा फोन करते. ट्रस्टला पत्र पाठव म्हणून सांगते. आणि बाकीचे दगड उलटे करून बघायचे असतील, तर टॉर्च धरायला मी येते.