माणिकअण्णांची पाणसळ

हैदराबादहून कायमचे गावी परतल्यावर माणिकअण्णा माझ्या पिठाच्या गिरणीत पहिल्यांदा आले ते जोंधळे घेऊन नव्हे, पाणसळ घेऊन. पाणसळ म्हणजे गवंड्याची ती हातभर पट्टी. मधोमध काचेची नळी, नळीत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. तो दोन काळ्या रेघांच्या मधोमध थांबला की जागा सपाट, नाहीतर वाकडी. अण्णांनी राम राम घातला, गिरणीच्या चौथऱ्यावर पट्टी ठेवली, गुडघ्यावर हात टेकून वाकून बघितलं आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "बुडबुडा मधी न्हाई." त्या चौथऱ्यावर माझी गिरणी कित्येक वर्षं बिनतक्रार चालत होती. त्या दिवसापासून मात्र ती मला एका अंगाला कलल्यासारखी दिसायला लागली, ती आजपर्यंत.

अण्णा हैदराबादेत चौदा वर्षं बांधकामांवर वॉचमन होते. पण 'वॉचमन' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. "मी साइटवर होतो," एवढंच म्हणायचे. साइटवर काय होता, हे ऐकणाऱ्याने आपापल्या अकलेप्रमाणे समजून घ्यावं. गावाने चेष्टेने त्यांना 'इंजिनियर' म्हणायला सुरुवात केली आणि अण्णांनी ती पदवी इतक्या गांभीर्याने घेतली की चेष्टा करणारेच ओशाळले. पाणसळ कायम काखेत. चहाच्या हॉटेलातलं बाकडं, शाळेची पायरी, सोयरीक बघायला गेलेल्या घरचा ओटा, काही म्हणजे काही सुटायचं नाही. एकदा निवडणुकीची सभा होती, पुढारी बोलायला उभे राहणार, तर हे गृहस्थ स्टेजच्या कडेला वाकलेले. "हौले लोक हाइत," ते मला येऊन म्हणाले. हौला म्हणजे हैदराबादी बोलीत येडा. "बुडबुडा मधी न्हाई, आन् वर मानूस उभा करायलेत." पुढाऱ्यांबद्दल त्यांनी याहून जास्त काही कधी बोललेलं मला आठवत नाही.

त्यांच्या बायकोला, शेवंताअक्काला, या पट्टीचं कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. नवरा चौदा वर्षं परमुलखात होता तेव्हा शेत, म्हशी, मुलाचं शिक्षण तिनेच ओढलं. रोज पहाटे अंगणात सडा टाकायचा आणि आठवड्याला जीपने औरादच्या बाजाराला जायचं, हे दोन नेम तिने कधी मोडले नाहीत. एका पावसाळ्यात त्याच अंगणात तिचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं, बिदरला ऑपरेशन झालं, आणि अक्का घरी आली ती चार पायांची लोखंडी घोडी पुढे धरून. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालायचं. बसून राहिली तर ही बाई पुन्हा उठायची नाही.

आता चालायचं कुठे? दारापासून सडकेपर्यंत चाळीस पावलं, आणि तेवढी सगळी काळी माती. आमच्याकडची काळी माती पावसात धडधाकट माणसाची चप्पल काढून घेते, घोडीचे चार पाय तर तिला आयतेच. तो पावसाळा अक्काने उंबऱ्यात बसून काढला. अण्णा तिला बखोटीला धरून घरातल्या घरात फिरवायचे, पण पाय दिवसेंदिवस आखडत चालला होता. उन्हाळ्यात ती एकदा मला शांतपणे म्हणाली, "अजून एक पावसाळा असा गेला तर मी हितंच बसून ऱ्हाते बघ." तेव्हा अण्णा ओट्यावर पाणसळ पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण पुसायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचायतीत अर्ज दिला, आपल्या दारापर्यंत काँक्रीटची वाट करून द्यावी. आठ दिवसांनी उत्तर आलं की सदर वाट मागेच पूर्ण झालेली आहे. रजिस्टरात तिची लांबी-रुंदी होती, खाली सही-शिक्का होता. आमच्या वॉर्डाच्या मेंबरने वर समजूत काढली, "अण्णा, कागद बगा की, तुमची वाट लई चांगली झालीय." अण्णांनी कागद बघितला, पाणसळ काढून रजिस्टरावर ठेवली, आणि मेंबरला म्हणाले की आजवर गावात बुडबुडा मधोमध असलेली ही एकच वाट बघितली. मुलाला पुण्याला फोन केला तर तो म्हणाला, दिवाळीला येतो, मग फरशी बसवू. दिवाळी पावसाळ्यानंतर येते, हे पुण्यात राहून तो विसरला असावा.

गवंडी बोलवावा तर गावात गवंडी शिल्लक नव्हता. जो तो पुण्या-हैदराबादेत लोकांचे बंगले बांधायला गेलेला. राहिलो आम्ही म्हातारे आणि गिरणीवाले. तेव्हा अण्णांनी जाहीर केलं की वाट मी स्वतः करणार, तीही कोरडी. कोरडी म्हणजे सिमेंट, वाळू, बारीक खडी कोरडीच कालवायची, फळ्यांच्या चौकटीत पसरायची, पट्टीने सारखी करायची आणि मग वरून पाणी द्यायचं. घमेली नाहीत, चिखल नाही, घाई नाही. एकटा म्हातारा सावकाश करू शकतो. हैदराबादेत अमेरिकेहून परतलेल्या एका मालकाने रविवारी चड्डीवर उभं राहून बागेतली वाट अशीच केली होती. "आन् पाईप कुनाच्या हातात हुता? माज्या," अण्णा म्हणाले.

अक्का उंबऱ्यातून म्हणाली, "तव्यावर कोरडं पीठ पसरून वर पानी मारल्यावर भाकर व्हती का?" मी हसून हसून बेजार. ते वाक्य पुढचे चार दिवस मी गिरणीत येईल त्याला पिठाबरोबर फुकट वाटलं. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मजा आली.

अण्णांनी कुणाचं ऐकलं नाही. वीतभर काळी माती खणून काढली, तांबडा मुरूम भरून धुम्मसाने ठोकला, दोन्ही बाजूंनी फळ्या लावल्या. दर दोन हातांवर पाणसळ. बुडबुडा केसभर सरकला की फळी उपटून पुन्हा. मग कोरडा माल पसरून त्यांनी तो असा सारखा केला की आम्ही खरंच बघत राहिलो. अर्धी वाट तयार झाली आणि बघायला अर्धा गाव जमला. अण्णांनी मोटरचा पाईप हातात घेतला आणि मला बटन दाबायला सांगितलं.

मी दाबलं. अहो, शेताला पाणी देणारी मोटर ती. पाण्याने पहिल्या झटक्यात मालात हातभर लांबीचा खड्डा पाडला, दुसऱ्या झटक्यात सगळं सिमेंट उचललं आणि फळीखालून सुसाट पळत जाऊन कडेच्या शेवग्याच्या बुडाशी तळं केलं. वाटेवर राहिली धुतलेली खडी. शेवग्याचं बूड मात्र दुसऱ्या दिवशी पक्कं काँक्रीट झालं, ते आजही आहे. लोक पोट धरून हसले. मेंबर म्हणाला की यापेक्षा आमची कागदावरची बरी.

अण्णा दोन दिवस बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी भीतभीतच गेलो. ते भिंतीला टेकून बसले होते, पाणसळ खुंटीला. म्हणाले, "पाईप माज्या हातात नव्हता रे. मी नळ सोडायला हुतो, पार कंपौंडच्या पलीकडं. मालकाच्या पाईपाला तोंडाशी कायतरी बसवलेलं हुतं, धुक्यावानी पानी पडायचं. ते काय असतंय, मला कुटं दिसायलंय तितून." इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेली ही पहिली आणि शेवटची कबुली. मला वाईट वाटलं. एवढा मोठा इंजिनियर आणि मी त्याला चार दिवस पिठात घोळलं होतं.

अक्का आतून ऐकत होती. ती घोडी टेकत टेकत आली आणि म्हणाली, "धुक्यावानी पानी म्हंजे सडाच की. त्याला पाईप कामून लागतंय?" तिने पुढे जे सांगितलं ते त्याहून अवघड होतं. चाळीस वर्षं त्या अंगणात सडा टाकून तिला ठाऊक होतं की तिथलं पाणी शेवग्याकडे जातं, परवा सिमेंटही तिकडेच गेलं. अण्णांची सपाट वाट ते अडवणार, पाणी वर तुंबणार, शेवाळ धरणार. "आन् मी तितंच पुन्ना पडंन," ती म्हणाली. "शेवग्याकडची फळी बोटभर खाली घ्या."

बोटभर खाली! बुडबुडा मधोमध ठेवायला आयुष्य वेचलेल्या माणसाला तुम्ही काय करायला सांगताय? अण्णा म्हणाले, साइटवर असं नसतंय. अक्का म्हणाली, साइटवर चालायला मी पण नव्हते. अण्णांनी खुंटीवरची पट्टी काढली, बाहेर गेले, फळी बोटभर ठोकून खाली घेतली आणि पाणसळ आडवी ठेवून बघितली. बुडबुडा शेवग्याच्या उलट अंगाला जाऊन चिकटला. त्यांना ते बघवलं नाही. पट्टी धोतराच्या सोग्यात गुंडाळून त्यांनी माझ्याकडे दिली आणि काम होईपर्यंत परत मागितली नाही.

माल पुन्हा पसरला, आता पार सडकेपर्यंत. या वेळी गाव जमला नव्हता, एकदा हसून त्याचं समाधान झालं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर अक्काला बसवलं, शेजारी बादली ठेवली. तिने ओंजळीतून पाणी उचललं आणि मनगटाला हिसका देत असं फेकलं की थेंब वरून अलगद उतरले, एक खडा हलला नाही. कोरडा राखाडी माल काळसर झाला. चार पावलं झाली की मी खुर्ची उचलून पुढे ठेवायचो. शेवटाला पोचलो की थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून, असं दिवसभर. सगळा माल आवळून घट्ट झाल्यावर मी गिरणीतली रिकामी पोती आणून वर अंथरली आणि आठवडाभर अक्का ती रोज भिजवत राहिली. फक्त एक झालं. बसून हात पोचेना म्हणून तिसऱ्या दिवसापासून ती खुर्ची सोडून घोडीला धरून उभी राहायला लागली. अण्णा मागे हात पसरून उभे, पडली तर धरायला. तिला ते माहीत नव्हतं, किंवा असेल.

त्या पावसाळ्यात अक्का रोज चाळीस पावलं जायची आणि चाळीस यायची. पाणी शेवग्याकडे निघून जायचं आणि वाट तासाभरात कोरडी. पोळ्याच्या आधीच्या बाजाराला ती जीपमध्ये चढली तेव्हा अण्णा सडकेवर उभे होते, आणि मी त्यांना धोतराच्या टोकाने डोळे पुसताना बघितलं. धूळ उडाली म्हणाले. चांगल्या पावसात.

पुढे मेंबरने वाटेच्या तोंडाशी योजनेची पाटी रोवली आणि अक्काला घोडीसकट पाटीशेजारी उभं करून फोटो काढला. आम्हाला वाटलं अण्णा पाटी उपटतील. त्यांनी तिच्यावर पाणसळ ठेवली, नेहमीचं वाक्य बोलले आणि घरात गेले. पाटी पुढच्या वाऱ्यात आपोआप पडली, अक्काने ती म्हशीच्या गोठ्याला लावली.

अण्णा झोपेतच गेले, थंडीच्या दिवसांत. त्याच वाटेवरून आम्ही त्यांना सडकेपर्यंत नेलं. अक्का घोडी टेकत आमच्यामागे शेवटच्या पावलापर्यंत आली आणि तिथे थांबली. तेराव्यानंतर तिने मला बोलावून पाणसळ दिली. म्हणाली, तुझी गिरणी वाकडी आहे असं हे कायम म्हणायचे, तेवढी नीट करून घे.

परत निघताना मला राहवलं नाही. मी वाटेवर वाकून पट्टी आडवी ठेवली. बुडबुडा रेघांच्या मध्ये नव्हता. ज्या माणसाने पुढाऱ्याच्या स्टेजला सोडलं नाही, त्याने आयुष्यात एवढी एकच जागा बुडबुडा बाहेर ठेवून पक्की केली होती. मी पट्टी उगाच इकडे तिकडे सरकवत राहिलो.

उंबऱ्यातून अक्का बघत होती. "ऱ्हाऊ दे रे," ती म्हणाली. "त्याइला ठावं हुतं."