पहिल्या रांगेतली खुर्ची

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही — आणि त्यांच्यापासून मी फुटलेली कपबशीसुद्धा कधी लपवली नाही.

मुलांनो, तुमची आई शाळेत नाटक शिकली, हे तिनं सांगितलंय का कधी? हौस म्हणून नव्हे, अकरावी-बारावीला विषय म्हणून. भिलाईत घरोघरी इंजिनीअरिंगचे क्लास चाललेले, आणि माझी मुलगी नाटक शिकत होती. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवायचे. स्टाफरूममध्ये सगळे विचारायचे, "मॅडम, बेटी आगे नौटंकी करेगी क्या?" मी हसायचे. पण सांगायचं आहे ते हे नाही —

बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी त्यांच्या नाटकाच्या बाईंनी काम दिलं होतं. घरातलं एक माणूस वर्षभर पाहायचं आणि ते रंगमंचावर उभं करायचं. शिवाय त्या माणसाला त्या दिवशी पहिल्या रांगेत बसवायचं. समोर केलं तर अभिनय, पाठीमागे केली तर नक्कल, असं त्या म्हणायच्या.

तुमच्या आईनं आजी निवडली. माझ्या सासूबाई.

सासरे रेल्वेत होते. सासूबाईंचा सगळा संसार दुर्गच्या क्वार्टरात, रुळांच्या कडेला झाला. गाडी आली की त्या बोलता बोलता थांबत, आणि गाडी गेली की अडलेल्या शब्दापासून पुढे सुरू. भिलाईच्या वैशाली नगरात आमच्याकडे आल्यावरही, लांबून मालगाडीचा भोंगा ऐकू आला तरी थांबायच्या. तुमच्या आईनं ते थांबणं उचललं. उकिडवं बसून बोटानं दातांना गुडाखू, म्हणजे तंबाखूची मिश्री, लावणंही उचललं.

एकदा सासूबाईंनी दारातून पाहिलं. "अवं माय! पोट्टी त मीच होऊन राहिली!" पदर तोंडाला लावून हसल्या. मग मला म्हणाल्या, "कोणतं लुगडं नेसू व मी त्या दिवशी?"

आणि मला काय दिसलं? प्रिन्सिपॉलच्या शेजारी सासूबाई. काळे दात, मोठ्यानं 'मले-तुले'. बस, एवढंच. एवढ्यासाठी —

परीक्षेच्या सकाळी त्या हिरवं लुगडं नेसून तयार बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, परीक्षेला बाहेरच्यांना सोडत नाहीत."

"कावून? पोरीनं त बलावलं मले."

मी म्हटलं, "तिलाच संकोच वाटतोय, आई."

हे वाक्य कुठून आलं? मला अजून कळत नाही. त्या उठल्या. आत जाऊन लुगडं बदललं.

शाळेत तुमच्या आईनं विचारलं, "आजी कुठंय?" आणि मी म्हटलं, "नाही म्हणाल्या. माझी थट्टा करते म्हणाल्या."

पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी राहिली. तिनं केलं सगळं. गाडीसाठी थांबली तेव्हा मुलं हसली, त्यांना वाटलं विसरली. ते थांबणं कशासाठी, हे ओळखणारं माणूस घरी कोथिंबीर निवडत बसलं होतं. ती पुन्हा कधी रंगमंचावर चढली नाही.

त्यानंतर त्या दोघी एका घरात जपून वागू लागल्या. आजीसमोर ती उकिडवी बसेना. आजी तिला हाक मारायच्या आधी माझ्याकडे पाहायच्या. एकीला वाटत होतं, आपण आजीला दुखावलं; दुसरीला, नातीला आपली लाज वाटते. मी रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू. मग चहा व्हायचा, डबे व्हायचे, माझी शाळेची वेळ व्हायची. सांगायला कितीसा वेळ लागला असता?

सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या. मी पेज भरवत होते. त्या म्हणाल्या, "तुही पोरगी मले —" आणि लांब मालगाडीचा आवाज आला. त्या थांबल्या. मी चमचा हातात धरून थांबले. गाडी गेली. त्या पुढचं वाक्य बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही.

तुम्हाला मी नेहमी इंग्रजीतच लिहिते. हे मराठीत लिहिलं, कारण तुम्हाला मराठी वाचता येत नाही. म्हणजे हे तुम्हाला तुमची आईच वाचून दाखवते आहे. तिच्याशी फोनवर बोलताना हे मला एकदाही सांगता आलं नाही.

इथे ती थांबली असेल.