वावटळीत राहिलेलं छप्पर

यजमान गेल्यापासून माझं देवावरून मन उडालं होतं. शेजारच्या निर्मलाकाकू रोज पोथी वाचत, त्यांचा मला हेवाही वाटे आणि रागही येई. बिडकीनला आम्हा दोघींची घरं लागून, दोन्हींवर पत्रेच.

मे महिन्यातली दुपार होती. आभाळ एकाएकी पिवळट झालं आणि वावटळ उठली. रस्त्यानं जाणारे एक म्हातारे चाचा मोटारसायकल टाकून माझ्या दारी आले. मी त्यांना आत घेऊन कडी लावली. पत्रे धडधडू लागले. तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंची हाक आली. मी दाराकडं धावले, तर चाचा दाराला पाठ लावून उभे.

"दरवाजा मत खोलो, बेटी. पत्रे बसवण्यात उमर गेली माझी. वारा आत शिरला की छप्पर खालून उचलतो."

"काकू एकट्या आहेत हो!"

"दोन मिनिटं थांब. हे घर गेलं तर तिला कुठं नेशील?"

पलीकडं मोठा आवाज झाला आणि हाक थांबली. त्या वेळी मी देवाला शिव्या दिल्या की त्याचा धावा केला, मला आजही सांगता येत नाही.

वारा पडताच आम्ही पळत गेलो. काकूंच्या मागल्या दाराची कडी तुटून वारा आत घुसला होता. पत्रे लोखंडी अँगलसकट समोरच्या कडुनिंबात अडकले होते. काकू स्वयंपाकाच्या ओट्याखाली अंग चोरून बसलेल्या. कोपर तेवढं खरचटलं होतं.

"यांचे अँगल भिंतीवर नुसते ठेवले होते," चाचा म्हणाले. "तुझे काँक्रीटमध्ये रोवलेत. किसने किया?"

"आमच्या यांनी," मी म्हटलं आणि मला हुंदका आला.

संध्याकाळी काकू माझ्याकडं आल्या. न राहवून मी विचारलं, "काकू, तुम्ही एवढं देवाचं करता, मग छप्पर तुमचंच का गेलं? मी तर हातसुद्धा जोडत नाही."

"मला काय ठाव गं," त्या म्हणाल्या. "ओट्याखाली शिरायची बुद्धी झाली, ती त्यानंच दिली. आन् तुझं छप्पर राहिलं म्हनून मला टेकायला जागा हाय."

पुढं चाचांनीच येऊन त्यांचे पत्रे पक्के बसवून दिले. माझ्या मनाचा गुंता मात्र सुटला नाही. यजमानांचे हात, चाचांची पाठ, काकूंचा देव, यांतलं मला कुणी वाचवलं? आता मी उत्तरासाठी अडून बसत नाही. कुणाला जोडते ते नीटसं कळत नाही, तरी हात जोडते.