जानकीरामरावांचं गिऱ्हाईक

कुंभकोणमात अकलेचा माणूस एकच, असं जानकीरामरावांचं ठाम मत होतं, आणि तो त्यांना रोज दाढी करताना आरशात भेटायचा. बाकी सगळी खोगीरभरती! गिऱ्हाईकं बिनडोक, कंपन्या चोर, आणि जावई उमेश? तो तर गाढवांचा पाटील. बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचं चकचकीत काचेच्या दारांचं दुकान थाटून बसलेला. कुणी जुनं मशीन नेलं की ‘नवं घ्या’ म्हणून मोकळा. अरे, दुरुस्तीला हात लागतात, नुसते दात दाखवून भागत नाही!

मुलगी लावण्या फोनवर रोज तीच पिरपीर लावायची, “अप्पा, ते दुरुस्तीचं दुकान बंद करा. यांच्या दुकानात येऊन बसा.”

“माझ्या पायरीवर आपणहून गिऱ्हाईक येतंय तोवर शटर खाली येणार नाही,” जानकीरामराव ठणकावायचे. “यायचं थांबलं, तर येतो तुझ्या नवऱ्याच्या दारात.”

आणि गिऱ्हाईक येत होतं. थोडं, पण येत होतं.

त्या सकाळी तिरुभुवनम् गावाहून सुब्बलक्ष्मी आली. ही विणकरांसाठी साड्यांची डिझाइनं काढायची. रिक्षातून तिनं जपून उतरवला तो जुना कॉम्प्युटर, स्क्रीनच्याच पोटात सगळा कारभार असलेला. सुरू होऊन क्षणात बंद पडायचा. एका लग्नाच्या साडीच्या काठाचं डिझाइन त्यात अडकलं होतं आणि तिकडे माग थांबला होता.

“दुसरीकडे कॉपी ठेवलीस?”

“नाही, मामा.”

“कशाला ठेवशील! आणि हे काय?” काचेच्या कपाळावर दसऱ्याच्या आयुधपूजेचं चंदन-कुंकू वाळून बसलं होतं. “धूपही दाखवलास?”

“सांब्राणी. दर शुक्रवारी.”

“वा! यंत्राच्या नाकात धूर कोंबा आणि मग श्वास का घेत नाही म्हणून विचारा!”

पुढची काच चिकटवलेली होती. स्क्रूचं नाव नाही. “पूर्वी मशीन बांधायचे, आता पाकिटासारखं चिकटवतात. थुत् यांच्या कारागिरीवर!” असं म्हणत त्यांनी पितळी तांब्यात उकळतं पाणी घेतलं, तांबा बाहेरून कोरडा पुसला आणि पूर्वी घरोघरी इस्त्री म्हणून शर्टावर फिरवायचे तसा काचेच्या कडेनं हळूहळू फिरवला. डिंक नरमला. फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवून त्यांनी कडा मोकळ्या केल्या आणि काच अलगद उचलली.

आत पंख्यावर काजळीचा थर. पाती जागची हलेनात. त्यांनी ब्रशनं सगळं झाडलं, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. थोड्या वेळानं स्क्रीनवर काठाचे मोर उभे राहिले. सुब्बलक्ष्मीनं पदर डोळ्यांना लावला.

जानकीरामरावांना आता आभाळ ठेंगणं झालं. “त्या बसस्टँडजवळच्या गाढवाकडे गेली असतीस, तर हे भंगारात गेलं असतं!”

“गेले होते ना,” ती म्हणाली. “त्यांनी उघडायलाच घेतलं होतं. मग थांबले. म्हणाले, ‘मला जमेल, पण आमच्या सासऱ्यांकडे न्या. त्यांच्याकडे हल्ली कुणी जात नाही. मी पाठवलं म्हणून मात्र सांगू नका.’ अय्यो! सांगून बसले की मी!”

जानकीरामरावांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. “गेल्या आठवड्यात चोळपुरम्हून एक मास्तर प्रिंटर घेऊन आला होता. त्यालाही...”

“कोण मास्तर, मामा?”

“कुणी नाही.”

त्यांनी नवी चिकटपट्टी लावून काच परत बसवली, चारी कडा नीट दाबल्या. रिक्षा निघून गेल्यावर ते रिकाम्या पायरीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी लावण्याला फोन लावला.

“अप्पा? बरं आहे ना?”

“मला काय धाड भरलीय! त्या गाढवाला सांग, उद्यापासून दुकानातला एसी बंद ठेव म्हणावं. मला सोसत नाही.”