उंबरे आणि पानं

पिंपळवंडीत कुणाच्या घरी कार्य निघालं, की भटजींच्याही आधी गेणभाऊ ठरतात. गावाला आवतण देण्याचं काम त्यांचं. कुठल्या घराला चूलबंद आवतण, म्हणजे घरची चूल न पेटवता झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं, आणि कुठल्या घरातून एकच माणूस, हे सगळं त्यांच्या टोपीखाली. टोपीखाली दुसरं काहीच नाही, असं त्यांच्या पत्नीचं, चिमाबाईंचं, मत आहे.

त्याला कारण धर्माजीची वास्तुशांत. बावीस वर्षांपूर्वी आचाऱ्यानं विचारलं, "किती?" गेणभाऊ ऐटीत म्हणाले, "शंभर." त्यांनी उंबरे, म्हणजे घरं, सांगितली; आचारी पानं, म्हणजे जेवणारी माणसं, समजला. दोन पंगतींत बुंदी संपली आणि तिसऱ्या पंगतीला गूळ-शेंगदाणे वाढले. तेव्हापासून समोर कुणी बुंदीचं नाव काढलं, की गेणभाऊ पावसापाण्याचं विचारू लागतात.

परवा त्यांची सून साधना ओट्यावर कागद पसरून बसली होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्या दिवशी जुन्नरला तालुक्यातल्या शिक्षकांपुढं ती जोडताऱ्यांवर बोलणार होती.

"मामा, उद्या माझी शोभा होणार."

"का गं?"

"आपल्या जवळपासचे, सूर्यासारखे तारे मोजलेत. शंभर ठिकाणी पाहिलं तर छप्पन्न ठिकाणी तारा एकटा. उरलेल्या चव्वेचाळीस ठिकाणी एकमेकांभोवती फिरणारे दोन, कुठं तीनसुद्धा. म्हणजे एकटे जास्त. आणि खाली लिहिलंय, बहुतेक तारे जोडीदारासोबत असतात! खरं काय सांगू?"

गेणभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"छप्पन्न घरी एकेक पान. चव्वेचाळीस घरी चूलबंद. दोन-दोन धरली तरी किती पानं?"

"अठ्ठ्याऐंशी."

"मग! उंबरं मोजलं तर एकटं जास्त, पानं मोजली तर जोडीचं. दोनी खरं. लिवणाऱ्यानं काय मोजलं ते सांगितलं न्हाई, एवढंच."

आतून चिमाबाई म्हणाल्या, "हे शहाणपण धर्माजीकडं कुठं गेलं व्हतं?"

"यंदा पाऊस बरा हाय," गेणभाऊ म्हणाले.

जुन्नरला तेही एसटीनं गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. एका सरांनी नेमका तोच प्रश्न विचारला. साधनानं उंबरे आणि पानं मांडली. सर खूश झाले. म्हणाले, "वा! हे उदाहरण कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाही सर. आमच्या गावच्या एका वास्तुशांतीतलं," साधना म्हणाली, आणि तिनं ती हकिगत गूळ-शेंगदाण्यासकट सांगितली. सभागृह खो-खो हसलं. गेणभाऊंनी टोपी नाकापर्यंत ओढली. बावीस वर्षं गावातच दाबून ठेवलेली गोष्ट एका दुपारीत तालुकाभर झाली होती.

परतताना एसटीत गेणभाऊंनी टोपी पुन्हा वर सरकवली. मग हळूच म्हणाले, "पोरी, झकास बोललीस. पुढच्या टायमाला फकस्त बुंदी गाळ."

"मामा, बुंदी गाळली तर हिशेब कसा पटणार?"

गेणभाऊंनी खिडकीबाहेर बघितलं. आभाळ निरभ्र होतं. पावसाचं विचारायचीही सोय नव्हती.